सेटर रजेवर, मशीन उभं: शॉपचं ज्ञान एकाच डोक्यात अडकलं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत स्वतःचं शेड, चार सीएनसी लेथ (प्रोग्रामवर चालणारी, गोल जॉब कापणारी मशीन), दोन व्हीएमसी (टेबलावर पकडलेला जॉब उभ्या कटरने कापणारी), माणसं चौदा, काम तेच तेच पार्ट परत परत काढायचं. अकरा वर्षं जुना एक सेटर (काम सुरू होण्याआधी मशीनवर टूल, पकड आणि माप जुळवून देणारा कारागीर) सगळी अवघड सेटिंग लावतो. तो दोन दिवस गावी गेला की दोन-तीन मशीन उभी राहतात आणि मालकाचा फोन रात्री अकरापर्यंत वाजत राहतो. सेटरला पाठदुखी, मालकाला बीपी. पोरं शिकत नाहीत असं मालक म्हणतात, सेटर शिकवत नाही असं पोरं म्हणतात. मालकांनी एका कार्यशाळेत ‘बौद्धिक भांडवल’ हा विषय ऐकला. आता ते विचारतायत: हे मोजायचं कसं, त्यासाठी ईआरपी (कंपनीच्या सगळ्या नोंदी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का, आणि सेटरकडून बाँड लिहून घ्यावा का?

नमस्कार. मोजणं, ईआरपी आणि बाँड, तिन्हीकडे येतो. आधी दुखणं कुठे आहे ते नीट बघू. शॉप चालवायला जे कळावं लागतं ते एका माणसाकडे आहे आणि ठरवायचा अधिकार दुसऱ्या एकाच माणसाकडे, म्हणजे तुमच्याकडे. उरलेले तेराजण दिवसभर या दोघांना विचारत असतात. रात्रीचे फोन, सेटरची पाठ आणि पोरांची नाराजी हे सगळं तिथूनच येतं.

बौद्धिक भांडवल हा विषय स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीत लीफ एडव्हिन्सन यांनी १९९० च्या दशकात हिशेबात मांडायला घेतला. ढोबळमानाने त्याचे तीन कप्पे धरतात. एक माणसांच्या अंगात असलेलं. दुसरं, माणसं संध्याकाळी घरी गेल्यावरही कंपनीत मागे उरतं ते: प्रोग्राम, फिक्स्चर (जॉब पकडायची खास साधनं), सेटिंगचे कागद, कामाच्या पद्धती. तिसरं, ग्राहक आणि पुरवठादार यांच्याशी असलेल्या संबंधांतलं. काही मोठ्या कंपन्यांनी याचे निर्देशांक काढून वार्षिक अहवालाला जोडले. चौदा माणसांच्या शॉपला एवढंच बघायचंय की पहिल्या कप्प्यातलं किती दुसऱ्यात उतरलं. तुमच्या वर्णनावरून फार थोडं उतरलंय. सेटर डबा उचलून निघाला की शॉपची निम्मी अक्कल त्याच्याबरोबर बसमध्ये बसून जाते.

याचा तब्येतीशी संबंध काय, हे बरेच मालक विचारतात. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती शॉपवर आजही तंतोतंत लागू पडते: कामाचा रेटा जास्त आणि कामावर स्वतःचा ताबा कमी, असं जिथे असतं तिथे माणूस सर्वांत जास्त झिजतो. तुमच्या ऑपरेटरकडे बघा. तासाला इतके पीस काढ म्हणून रेटा आहे, पण ऑफसेटला (मशीनमधल्या माप-दुरुस्तीच्या आकड्याला) हात लावला तर बोलणी बसतात. पीस बिघडला की विचारणा त्यालाच. सेटरचं उलट आहे. त्याचा ताबा पूर्ण, पण सहा मशीनचा रेटा एकट्यावर आणि बदली कुणी नाही. दुखत असूनही तो व्हीएमसीच्या टेबलावर ओणवा होतो, कारण वाइस (जॉब पकडायचा शिकंजा) डायल करणारा, म्हणजे डायल गेज लावून सरळ बसवणारा, दुसरा हात शॉपमध्ये नाही. औषधपाणी डॉक्टरांकडून करून घ्याच, इथल्या सल्ल्याने बीपी उतरणार नाही. पण रात्रीचे फोन बंद करणं तुमच्या हातात आहे.

पुढचं सगळं तुमचं काम कशा प्रकारचं आहे यावर अवलंबून आहे. तेच पंधरा-वीस पार्ट महिन्या-दोन महिन्यांनी परत लागत असतील तर प्रत्येक पार्टचा सेटिंगचा कागद करणं फायद्याचं. रोज नवा एकेक पीस, टूलरूमचं काम, असं असेल तर पार्टवार कागद करण्यात वेळ घालवू नका; तिथे पकड, संदर्भ पृष्ठभाग, इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या बदलत्या कापणाऱ्या तुकड्याची) निवड ही तत्त्वं शिकवावी लागतात आणि त्याला जास्त वेळ लागतो. तुम्ही स्वतः मशीनवर हात असलेले आहात की व्यवहार सांभाळणारे, यानेही फरक पडतो. तुम्ही ‘तेच तेच पार्ट’ असं लिहिलंय म्हणून पहिला प्रकार धरून सांगतो.

सुरुवात मोजण्यापासून करा, पण ज्ञान मोजायला जाऊ नका. अडणं मोजा. प्रत्येक मशीनच्या पॅनेलला एक ए-फोर कागद आणि दोरीला बांधलेलं पेन लावा. रकाने पाचच: वेळ, पार्ट नंबर, काय अडलं, कुणाला विचारलं, मशीन किती मिनिटं उभं राहिलं. बारा कामाचे दिवस भरा. सेटर नसताना तुम्हाला आलेले फोनही त्यातच लिहा. लिहिण्याआधी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगा की या कागदावरून कुणालाही जाब विचारला जाणार नाही, आणि खरंच विचारू नका. पहिल्याच आठवड्यात ‘एवढं साधं का विचारलंस?’ असं एकदा जरी बोललात तरी नोंदी बंद पडतील आणि दुसऱ्या आठवड्यात कागद कोरा येईल.

बारा दिवसांनी नोंदी तीन ढिगांत वेगळ्या करा. पहिल्या ढिगात ज्यांचं उत्तर कुठेतरी कागदावर किंवा मशीनमध्ये आहे पण सापडत नाही ते: कोणता प्रोग्राम नंबर, ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन, कोणते जॉ (चकमध्ये जॉब धरणारे जबडे), फिक्स्चर कुठल्या रॅकवर. दुसऱ्यात ज्यांचं उत्तर फक्त सेटरला येतं ते: चॅटर (कापताना थरथर) येतोय काय करू, बोअरला (आतल्या भोकाला) टेपर (निमुळतेपणा) येतोय, थ्रेडला गेज जात नाही. तिसऱ्यात निर्णय: हा पीस पास करू का, इन्सर्ट बदलू का, दुसरा जॉब आधी घेऊ का, ओव्हरटाइमला थांबू का.

मालकांचा अंदाज असतो की दुसरा ढीग सर्वांत मोठा निघेल. माझ्या अनुभवात पहिला आणि तिसरा मिळून बहुतेक वेळा त्याहून जास्त भरतात. ही चांगली बातमी आहे. पहिला ढीग आठवडाभरात निम्मा होतो. रॅकला नंबर द्या, जॉच्या सेटवर पार्ट नंबर पंच करा, जुन्या रिव्हिजनची ड्रॉइंग शॉपमधून उचलून टाका आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत कंसात पार्ट नंबर व रिव्हिजन लिहा. यावर आणखी लिहीत नाही, तुम्हाला कळतंच.

तिसऱ्या ढिगावर तुम्हाला स्वतःला काम करावं लागेल, कारण तो तुमच्यामुळे तयार झालाय. ऑपरेटरने स्वतः काय ठरवायचं याची सीमा आखून द्या, ती आकड्यात द्या. उदाहरणार्थ, एकूण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ५० मायक्रॉन असेल तर एका वेळी १० ते १५ मायक्रॉनपर्यंतची वेअर ऑफसेटची (टूलच्या झिजेपोटी द्यायची) दुरुस्ती ऑपरेटरने कुणालाही न विचारता करावी आणि कागदावर लिहावी. एकदम त्याहून जास्त माप सरकलं तर ऑफसेटला हात न लावता मशीन थांबवायचं. कारण साधी झीज हळूहळू होते. माप अचानक उडालं म्हणजे इन्सर्टचा कोपरा तुटलाय, जॉवर चिप अडकलीय किंवा जॉब नीट टेकलेला नाही, आणि तिथे ऑफसेट देणं म्हणजे दुखणं झाकणं. लागोपाठ दोन पीस मापाबाहेर गेले तरी थांबायचं. आणि एक नियम मोठ्या अक्षरांत लिहा: शंका असताना थांबवलेल्या मशीनबद्दल कुणालाही बोलणी बसणार नाहीत. पोरं रात्री तुम्हाला फोन करतात ते बऱ्याचदा उत्तर माहीत नसतं म्हणून करत नाहीत. जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून करतात.

इथे एक नेहमीचा घोटाळा सांगून ठेवतो, कारण अधिकार दिला आणि कारण शिकवलं नाही तर तो हमखास होतो. इन्सर्ट झिजत जातो तसा ओडी (बाहेरचा व्यास) मोठा येत जातो, म्हणून ऑपरेटर एक्समध्ये (व्यासाच्या दिशेला) थोडं थोडं उणे देत राहतो. मग इन्सर्टचा नवा कोपरा लावतो, पण वेअर ऑफसेटमधलं ते साठलेलं उणे तसंच राहतं. नव्या कोपऱ्याचा पहिलाच पीस अंडरसाइज, थेट भंगारात. म्हणून इन्सर्ट बदलला की आधी साठलेली दुरुस्ती काढायची, ओडी मुद्दाम ०.१ मिमी मोठा ठेवून पहिला पीस घ्यायचा, मोजायचा, मग मापावर आणायचं. बोअरला उलट, लहान ठेवायचा. कारण कळलेला पोरगा हे नव्या पार्टवरही आपोआप करतो. नुसतं ‘०.१ दे’ एवढंच ऐकलेला पोरगा बोअरलाही अधिक देतो आणि बोअर मोठा करून बसतो.

आता दुसरा ढीग, म्हणजे सेटरच्या डोक्यातलं. इथे बहुतेक शॉप चुकतात ते सेटरच्या हातात वही देऊन ‘सगळं लिहून दे’ म्हणण्यात. एक तर त्याला लिहायचा कंटाळा, त्यात त्याला जे अंगवळणी पडलंय ते लिहिण्यासारखं वाटतच नाही. ‘जॉब पकडला, डायल केला, चालू केला’ एवढंच तो लिहील, आणि नेमकं हवं ते त्या दोन स्वल्पविरामांच्या मध्ये असतं. म्हणून लिहायचं काम शिकणाऱ्याला द्या. सेटर सेटिंग लावताना पोराने शेजारी उभं राहून लिहायचं, आणि सेटरने शेवटी फक्त दुरुस्त करायचं. पोराला जे माहीत नसतं ते तो विचारतो आणि तेच कागदावर येतं. भाषा शॉपमध्ये बोलली जाते तीच ठेवा. तुमच्याकडे लातूर-बीडची पोरं आणि बिहार-यूपीची पोरं एकत्र असतील तर मराठी-हिंदी मिसळ चालेल. शुद्धलेखन कुणी तपासू नये.

कागदाला तीनच रकाने: काय करायचं, कुठे जपायचं, का. या साच्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट शिकवण्यासाठी राबवलेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमात आहे. पद्धत जुनी आहे, पण अजून तिच्यापेक्षा सोपी दुसरी माझ्या बघण्यात नाही. पातळ भिंतीच्या बुशचं एक उदाहरण देतो: ओडी ८०, बोअर ७०, म्हणजे भिंत ५ मिमी, मटेरियल ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद). प्रेशरचे आकडे (किलो प्रति चौरस सेंमी) नमुन्यादाखल, तुमच्या चकवर ते वेगळे असतील.

काय: सॉफ्ट जॉ (जॉबच्या व्यासाला कापून घेता येणारे मऊ जॉ) बोअर करणे. जपायचं: रिंग पकडून, फिनिशिंगला जे प्रेशर ठेवणार त्याच प्रेशरला. का: प्रेशर बदललं की जॉ वेगळ्या कोनात झुकतात, बोअर केलेला व्यास जॉबवर पूर्ण टेकत नाही.

काय: फिनिशिंगला चक प्रेशर १४ वरून ६ किलोवर आणणे. जपायचं: गेजचा काटा बघून, आणि आरपीएम कागदावर लिहिलंय त्याच्या वर न्यायचं नाही. का: जास्त दाबाला बुश तीन जॉखाली दबतो, बोअर चकवर गोल कापला जातो आणि सोडल्यावर त्रिकोणी होतो. आणि आरपीएम वाढलं की जॉ बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन पकड आणखी कमी होते, जॉब सुटू शकतो.

काय: बोअर तपासणे. जपायचं: जॉब चकमधून काढल्यावर, तीन टोकांच्या बोअर मायक्रोमीटरने, ६० अंश फिरवून पुन्हा. का: दोन टोकांच्या बोअर डायलला हा त्रिकोणी दोष दिसतच नाही, सगळीकडे जवळपास सारखंच माप येतं. ग्राहकाकडे मात्र शाफ्ट अडकतो.

तिसरा रकाना वाचून बघा. आरपीएमच्या मर्यादेचं कारण कागदावर नसतं तर घाईत असलेल्या पोराने सायकल टाइम वाचवायला आरपीएम वाढवलं असतं, आणि ६ किलोला पकडलेला जॉब सुटून दाराच्या काचेवर आला असता. दोन टोकांच्या डायलचं कारण नसतं तर त्याने हाताशी आहे तो डायल घालून ‘ओके’ लिहिलं असतं आणि रिजेक्शन आल्यावर शिव्या खाल्ल्या असत्या. डोक्यातलं कागदावर आणायचं ते या रकान्यासाठी. पहिला रकाना कुणीही लिहू शकतो.

सोबत चार फोटो पुरेत: जॉ लावलेले, प्रेशर गेजचा काटा, जॉब टेकलेला, टरेटवरचा (टूल बसवायच्या फिरत्या डोक्यावरचा) टूल लेआउट. हाताची खुबी असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, पण तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून विसरू नका. सहा महिन्यांनी तो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. पार्ट नंबर नाव देऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि सेटरच्या नकळत शूटिंग तर मुळीच करू नका. एकदा का त्याला कळलं की कॅमेरा त्याच्यावर आहे, तो तुमच्यासमोर सेटिंग लावणं टाळू लागेल.

शिकवायची पद्धतही त्याच कार्यक्रमातून आलेली घ्या. सेटर तीनदा दाखवतो: पहिल्यांदा फक्त पायऱ्या, दुसऱ्यांदा कुठे जपायचं ते बोलत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. मग पोरगा करतो: एकदा गप्प राहून, नंतर पायऱ्या, जपायच्या जागा आणि कारणं स्वतः बोलत. बोलताना जिथे अडखळतो तिथे शिकणं कच्चं आहे. त्यानंतर तो एकटा लावतो, सेटर फर्स्ट पीस बघतो. हे बारा तासांच्या पाळीच्या शेवटी होत नाही. सकाळी पहिल्या दोन तासांत करा. मशीन गार असताना स्पिंडल आणि बॉलस्क्रू गरम होईपर्यंत माप सरकत असतं, तेही पोराला डोळ्यांनी दिसतं आणि सकाळचे पहिले पाच पीस प्रत्येकी का मोजायचे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र हे सगळं सुरू करायच्या आधी सेटरशी बोला. त्याच्या जागी बसून विचार करा. अकरा वर्षांत त्याची पगारवाढ झाली ती ‘माझ्याशिवाय अडतं’ या एकाच जोरावर. तेच दुसऱ्याला देऊन टाक असं तुम्ही सांगताय. तो शिकवत नाही यात खोडसाळपणा शोधू नका, त्याचा हिशेब बरोबर आहे. तो हिशेब तुम्हाला बदलावा लागेल, आणि आधी, लेखी. पद बदला (सेटरचा शॉप प्रमुख करा), शिकवण्याचा भत्ता दरमहा ठरवा, आणि कागदावर लिहा की दुसरं माणूस तयार झालं म्हणून त्याचा पगार किंवा भत्ता कमी होणार नाही. शिवाय ज्या पाठीला त्रास आहे त्या पाठीची रोजची ओझी आधी पोरांकडे द्या: जड वाइस हलवणं, चकचे जॉ बदलणं. शिकवणीचा पहिला फायदा त्याला स्वतःच्या अंगावर जाणवला पाहिजे.

पैसे कुठून आणायचे? अडण्याच्या कागदातूनच. समजा सहा मशीन रोज सरासरी ४० मिनिटं कुणाची तरी वाट बघत उभी राहतात. म्हणजे दिवसाला ४ तास, २५ दिवसांचे १०० तास. मशीनचा दर तासाला साडेतीनशे रुपये धरला तर महिन्याला ३५,००० रुपये. हा आकडा उदाहरणाचा आहे, तुमचा तुमच्या कागदातून काढा. त्यातला तिसरा हिस्सा जरी वाचला तरी सेटरचा चार-पाच हजारांचा भत्ता त्यातून निघतो. सेटरला हा हिशेब उघड दाखवा, लपवू नका.

कुणाला काय येतं याचा तक्ता भिंतीवर लावा. आडवे पार्ट, उभी नावं, प्रत्येक चौकोनात चार पाकळ्यांचं वर्तुळ: बघितलंय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, शिकवू शकतो. वाचायचा तो पार्टनिहाय. ज्या पार्टखाली ‘एकटा करतो’ किंवा त्याच्या पुढच्या पायरीवर एकच नाव आहे तो पार्ट आधी घ्या, त्यातही जो ग्राहकाकडे नापास झाला तर सर्वांत महाग पडतो तो. तीन महिन्यांत सहा पार्ट झाले तर भरपूर झालं. पंधराच्या पंधरा एकदम काढले तर एकही पुरा होत नाही. आणि तिसरी पाकळी भरली की त्याच महिन्यात त्या पोराला थोडी वाढ द्या, दिवाळीची वाट बघू नका. शिकून झाल्यावर चार महिने त्याच पगारात राहिलेला पोरगा शेजारच्या शेडमध्ये जातो. काहीजण तरीही जातील. त्यांनी लिहिलेला कागद मागे राहतो, पुढच्याला निम्मा वेळ लागतो.

कागद आणि तक्ता खरा आहे का, हे सेटरच्या रजेवर कळतं. त्याला मुद्दाम रजा द्या. पहिल्यांदा अर्धा दिवस, फोन बंद. मग एक दिवस, मग सलग तीन, आणि सहा महिन्यांत एक अख्खा आठवडा. महिन्याअखेरीच्या डिस्पॅचमध्ये हा प्रयोग करू नका, मधला आठवडा निवडा. त्या दिवशी शॉपने त्याला फोन करायचा नाही; अडलेलं सगळं लिहून ठेवायचं आणि फारच अडलं तर दुपारी चारला एकच फोन, तोही ठरवून. तो परतल्यावर ती यादी त्याच्यासमोर ठेवायची. पुढचे कागद कोणते करायचे ते त्या यादीतून ठरतं. सुधारणा होतेय का हे बघायला चार आकडे पुरतात: रात्री आठनंतरचे फोन, सेटरने घेतलेली रजा, वाट बघत उभ्या राहिलेल्या मशीनचे तास, रिवर्क (पुन्हा दुरुस्त करावं लागलेलं काम). पहिल्या महिन्यात रिवर्क थोडं वाढलेलं दिसेल. घाबरून सगळं परत सेटरकडे देऊ नका.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, मशीनच्या आतलं ज्ञान. प्रोग्राम, ऑफसेट, पॅरामीटर हे कंट्रोलच्या मेमरीत एका बॅटरीवर टिकलेले असतात. फॅनक (सीएनसी कंट्रोल बनवणारी जपानी कंपनी) कंट्रोलवर बॅटरीची सूचना लुकलुकायला लागली आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर लांब सुट्टीनंतर कंट्रोल कोरा निघू शकतो. बॅटरी बदलायची ती मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमानेच, नाहीतर जी मेमरी वाचवायची तीच जाऊ शकते. महिन्यातून एकदा सगळ्या मशीनचे प्रोग्राम आणि पॅरामीटर कार्डवर उतरवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवा. तारखेचं फोल्डर करा, जुन्यावर नवं चढवू नका.

दुसरी, तुमचं स्वतःचं डोकं. कोटेशनचा दर कसा ठरवला, कुठल्या ग्राहकाचा तपासनीस कुठल्या मापाला अडून बसतो, कोणाची हीट ट्रीटमेंट वेळेवर येते, कोणाचं पेमेंट कितव्या दिवशी मागायचं, हे तुमच्याशिवाय कुणाला माहितीय का? सेटरबद्दल जी तक्रार तुम्ही केलीय ती ऑफिसमधली मुलगी तुमच्याबद्दल करू शकते. दराचा एक कागद करा (मटेरियल, सायकल टाइम, मशीन दर, इन्सर्ट, बाहेरची कामं, नफा), आणि ग्राहकागणिक एक पान. पैशाच्या बाजूने एकच: उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करारातली मुदत काहीही असो, खरेदीदाराला ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत आणि अडवले तर व्याज लागतं. हे ऑफिसमधल्या माणसाला माहीत असलं की पाठपुरावा तुमच्या संध्याकाळी खात नाही.

बाँडचं विचारलंत. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या शॉपमध्ये काम करायचं नाही असा करार भारतात टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. ग्राहकाची ड्रॉइंग आणि प्रोग्राम बाहेर न नेण्याबद्दल गोपनीयतेचा साधा कागद करता येतो, तो मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांकडून घ्या म्हणजे एकट्यावर संशय घेतला असं दिसणार नाही. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो ऐकू नका. आणि वेळ बघा: ज्या आठवड्यात तुम्ही त्याला शिकव म्हणताय त्याच आठवड्यात बाँड पुढे केलात तर तो दुसरीकडे विचारायला लागेल.

ईआरपी इतक्यात नको. जे कागदावर नाही ते सॉफ्टवेअरमध्ये टाकता येत नाही, आणि एंट्री करायचं काम शेवटी त्याच सेटरच्या गळ्यात पडतं. सहा पार्टचे कागद, तक्ता आणि दराचा कागद सहा महिने वापरात राहिले तर मग बघा, तोवर काय हवंय ते तुम्हाला नेमकं सांगता येईल. आयएसओ ९००१:२०१५ चं प्रमाणपत्र ग्राहक मागत असेल तर त्यातल्या ७.१.६ या कलमात संस्थेकडचं ज्ञान जपण्याचीच अट आहे. हेच कागद ऑडिटरला दाखवता येतात, वेगळी फाइल बनवायची गरज नाही.

एक राहिलं. पुढच्या बॅचला आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट शिकाऊ म्हणून घेता येईल. तुमच्याएवढ्या शॉपला ते ऐच्छिक आहे आणि केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा काही वाटा सरकार उचलतं. त्याला पहिले दोन महिने मशीनपेक्षा कागद लिहायला बसवा. जुन्या पोरांना विचारायची लाज वाटते, त्याला वाटत नाही.

गुरुवारच्या सुट्टीत कागद छापून ठेवा आणि शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीला लावा. बारा दिवसांनी तीन ढिगांचे आकडे इथे टाकलेत तर पहिले सहा पार्ट कोणते घ्यायचे ते सांगू शकेन. सेटरशी बोलणं मात्र त्याच्या आधी, आणि शॉपमध्ये सगळ्यांसमोर नाही, ऑफिसमध्ये बसून करा.